आधी पाना, मग पुस्तक

दहावीचा निकाल लागला तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. गुण बेताचे होते आणि मी आयटीआयला जाऊन फिटर होणार म्हणून अडून बसलो होतो. बाबा कचेरीत कारकून. "आपल्या घरात आजवर कोणी ग्रीसमध्ये हात घातला नाही," एवढंच ते म्हणाले.

खरं तर याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ते हाताला काम शिकवण्यासाठीच. दादासाहेब फाळके तिथे शिकले. विद्यापीठ १९४९ मध्ये झालं आणि कलाभवनातूनच त्याची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली. पण सोळाव्या वर्षी बाबांपुढे एवढं बोलायचं धाडस कुठलं!

दोन वर्षं आयटीआय, एक वर्ष अप्रेंटिस, मग कारखान्यात नोकरी. बरोबरीची मुलं कॉलेजात असताना मी आईच्या हातात पगार देत होतो. आपणच शहाणे, असं तेव्हा वाटायचं.

सहा वर्षांनी सुपरवायझरची जागा निघाली. ज्या मुलाला मी डायल गेज धरायला शिकवलं, तोच माझा साहेब झाला. त्याच्याकडे डिप्लोमा होता, माझ्याकडे नव्हता. त्याचा काही दोष नव्हता, नियमच तसा होता.

आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, हे मला तेव्हा कळलं. नोकरी सोडली, साठवलेले पैसे काढले आणि अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसलो. मशीन ओळखीचं होतं, गणिताने मात्र घाम फोडला. तेव्हा बाबाच रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन समोर बसू लागले. फिटर होण्यावरून आमच्यात धरलेला अबोला इंटिग्रेशनच्या उदाहरणांनी सुटला.

यंदा भाची विचारते, "मामा, आयटीआय करू की बारावी सायन्स?" मी तिला एवढंच सांगतो: डॉक्टर, वकील व्हायचं असेल तर पदवीला पर्याय नाही. पण हातांना काम आवडत असेल तर लाजू नकोस. फक्त प्रवेश घेण्याआधी विचार, इथून पुढचा रस्ता कुठे जातो? आयटीआयवरून डिप्लोमा, डिप्लोमावरून पदवीचं दुसरं वर्ष, असा रस्ता आहे. मला तो नऊ वर्षं उशिरा कळला.

परवा ती आली तेव्हा बाबांनी माझी जुनी वही तिच्यापुढे ठेवली. पानांवर अजून ग्रीसचे डाग आहेत.