पलीकडे नेले की चिन्ह का बदलते?

एखाद्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातला हिशेब घेऊ. पाच वह्या आणि २० रुपयांची पट्टी यांची किंमत तीन वह्या आणि ९० रुपयांच्या कंपासपेटीइतकीच भरते. वही केवढ्याला? किंमत क्ष मानू:

५क्ष + २० = ३क्ष + ९०

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ असे मुले घोकतात. खरे तर पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंतून सारखेच वजा होते, म्हणून बरोबरी टिकते. दोन्हींकडून ३क्ष काढा: २क्ष + २० = ९०. मग २० काढा: २क्ष = ७०. दोन्हींना २ ने भागा: क्ष = ३५.

आता ताळा. १७५ + २० = १९५ आणि १०५ + ९० = १९५. उत्तराची खात्री कुणालाही न विचारता मिळते, बीजगणितातले हेच मला सर्वांत मोलाचे वाटते.

भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ ग्रंथात याच जातीचे उदाहरण आहे. एकाकडे ६ घोडे आणि ३०० रूपे (म्हणजे नाणी), दुसऱ्याकडे १० घोडे पण १०० रूपे कर्ज, संपत्ती समान. कर्ज म्हणजे सरळ ऋण संख्या; आता एका घोड्याची किंमत क्ष मानू: ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. दोन्हींकडे १०० मिळवा, ६क्ष काढा; ४०० = ४क्ष. घोडा १०० रूपांचा.