माळ्यावरची जोडी : उपनगरांतल्या जुन्या स्पीकरांचा मागोवा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अंधेरी-बोरिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत गाणं यायचं ते मर्फी, बुश किंवा फिलिप्सच्या रेडिओतून, एकाच स्पीकरमधून. पुढे स्टिरिओ आला. सोनोडाइन, कॉस्मिक ही नावं हौशी माणसांच्या तोंडी बसली. परदेशी सामानावर जबर आयातकर होता, त्यामुळे असा स्पीकर दिसायचा तो आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्याच्या घरी. बाकीच्यांनी लॅमिंग्टन रोडवरून वूफर-ट्विटर आणले आणि ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची खोकी करून घेतली. जुन्या स्पीकरांच्या माझ्या वेडाची सुरुवात अशाच खोक्यांपासून झाली.

खोक्याला फार महत्त्व आहे. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. हवाबंद खोक्यात कोंडलेली हवाच कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलत्या पडद्याला, स्प्रिंगसारखी मागे ढकलते, हे तत्त्व त्यांनी वापरलं आणि लहान खोक्यातून खोल बास निघू लागला. अशा स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायर मात्र जोरकस लागतो. १९६१मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी खोक्याचं गणित मांडलं. तोवर अंदाजाने चालणारं काम हिशेबाने होऊ लागलं. लहान खोक्यातला चांगला बास ही वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्यांसाठी मोठीच सोय होती.

बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीसाठी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घडवला. त्यात केईएफ कंपनीचे ड्रायव्हर, म्हणजे वूफर-ट्विटर, होते आणि सगळी मेहनत माणसाचा आवाज खरा वाटावा यासाठी होती. आपलं संगीत गळ्याभोवती फिरतं, त्यामुळे त्या पिढीचे स्पीकर आपल्या कानाला पटतात. खरी परीक्षा तानपुऱ्याची. माइकशिवायच्या बैठकीत तानपुऱ्याची जवारी ऐकलेल्या माणसाला स्पीकरची लबाडी लगेच कळते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची तबकडीही याच कामाची : संतूरच्या आघातावर ट्विटर कळतो, बासरीच्या फुंकरीवर मधला पट्टा.

१९९१नंतर बाजार खुला झाला. सीडी, मग होम थिएटरचे इवलेसे स्पीकर आले आणि मोठ्या जोड्या माळ्यावर गेल्या. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या तेव्हा ते माळे रिकामे झाले. कित्येक जोड्या भंगारवाल्याच्या हातगाडीवरून चोरबाजारात पोचल्या. मी त्या काळात जे ऐकलं, जमवलं, ते बरंचसं या वाटेनेच आलेलं.

मुंबईची हवा स्पीकरला मानवत नाही. कोनच्या कडेचा फोम दमटपणात भुसभुशीत होऊन गळतो, कागदी कोनला बुरशी धरते. रबरी कड त्या मानाने पुष्कळ टिकते. वूफर-ट्विटरला आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाबरोबर बिघडतात आणि आवाजाचा तोल जातो. पण यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. फोम नवा चिकटवता येतो, कपॅसिटर बदलता येतात, कॉईल जळली तर ती नव्याने गुंडाळून कोन बसवणारे कारागीर अजून आहेत. इतक्या वर्षांच्या प्रेमानंतर माझं मत पक्कं झालं आहे : हे स्पीकर टिकले ते त्यांना उघडता येतं म्हणून. आज चिकटवून बंद केलेल्या, आत बॅटरी आणि चिप असलेल्या स्पीकरच्या नशिबी हे भाग्य क्वचितच येतं.

म्हणून एक विनंती. घर रिकामं करताना माळ्यावरची जोडी वजनावर देऊन टाकू नका. दीड व्होल्टच्या सेलच्या दोन तारा वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवा. कोन हलला तर कॉईल शाबूत आहे. मग बोटांनी कोन हलकेच, सरळ दाबा. खरखर आली नाही तर फोमसाठी कारागीर गाठा. काम जमत नसेल, तर ती जोडी ऐकणाऱ्या माणसाच्या हाती द्या.