चंद्रपूरच्या परकोटाशेजारी घर असेल तर काय बांधता येतं, काय नाही?

सावलीहून मूलमार्गे चंद्रपूरला आलं आणि जुन्या शहरात शिरायचं म्हटलं की जटपुरा गेटची कोंडी ठरलेली. डोक्यावर गोंडराजांच्या काळातली कमान आणि खाली हॉर्नचा गोंगाट. पण ही कमान आणि तिला जोडलेला परकोट फक्त वाहतूक अडवत नाहीत. आजूबाजूच्या लोकांनी घर किती बांधायचं आणि बांधायचं की नाही, हेही त्यांच्यामुळेच ठरतं.

ते कसं?

केंद्र सरकारचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. देशभरातली साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं या कायद्याने संरक्षित आहेत आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग ती सांभाळतो. चंद्रपूरचा परकोट त्यातलाच. वैनगंगेपलीकडचा मार्कंड्याचा मंदिरसमूहही त्यातलाच.

२०१० साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून चारही बाजूंना किमान १०० मीटर 'प्रतिबंधित क्षेत्र' झालं. तिथे नवीन बांधकाम करता येत नाही. त्यापुढचे २०० मीटर 'विनियमित क्षेत्र'. तिथे बांधता येतं, पण आधी परवानगी घेऊन.

एखाद्या मंदिराभोवती १०० मीटर सोडणं समजू शकतं. परकोटाचं गणित मात्र वेगळं आहे. ही काही डोंगरावरची वास्तू नाही. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार दरवाजांना जोडत ही भिंत वस्तीतून जाते. सरळ हिशोब केला तर एक किलोमीटर भिंतीच्या दोन्ही बाजूंचे १००-१०० मीटर म्हणजे २० हेक्टर, जवळपास ५० एकर जागा. तीही नुसत्या एका किलोमीटरमागे. या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. भाऊ वेगळे झाले, पोराचं लग्न झालं, वर एक खोली चढवायची आहे. कायद्याच्या भाषेत हे 'बांधकाम'च, कारण त्याच्या व्याख्येत आडवी आणि उभी अशी दोन्ही प्रकारची वाढ येते.

मग घर सरकारजमा होतं का? नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरचं नाव बदलत नाही, घर विकता येतं, वारसांना देता येतं. मर्यादा येते ती बांधकामावर.

दुरुस्तीला वाव आहे. प्रतिबंधित क्षेत्रातलं घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल, किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेलं असेल, तर मालक दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करू शकतो. गळके कवेलू बदलायचे, खचलेली भिंत सावरायची, तर हाच रस्ता. पण जुनं घर पूर्ण पाडून त्याच जागी, त्याच मापाचं नवीन उभं करणं म्हणजे 'पुनर्बांधणी'. ती १०० मीटरच्या आत बसत नाही, २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगीने बसते. मातीचं घर पडायला आलं की नेमकी इथेच गाडी अडते, कारण अशा घराची दुरुस्ती कुठे संपते आणि पुनर्बांधणी कुठे सुरू होते हे सांगणं अवघड असतं.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची आणि त्यानंतर महिनाभरात निर्णय कळवायचा, असं कायदा सांगतो. परवानगी न घेता बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता वास्तूच तुमच्या मालकीची असेल तर? खाजगी वाडा किंवा देऊळ संरक्षित करण्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते. त्या मुदतीत हरकत घेता येते, ती चुकवू नये. संरक्षित झाल्यावरही मालकी राहू शकते. देखभालीबद्दल मालकाशी करार करण्याची सोय कायद्यात आहे. त्या करारात पाडण्यावर, बदल करण्यावर बंधनं घालता येतात.

आणि जे जुनं आहे पण पुरेसं जुनं नाही, त्याचं काय? १९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी महात्मा गांधी सावलीत आले होते. पण केंद्राच्या कायद्याला 'प्राचीन स्मारक' म्हणण्यासाठी किमान १०० वर्षं लागतात. त्या वर्षी बांधलेली एखादी भिंत या अटीत बसायला २०३६ उजाडावं लागेल. तोपर्यंत ती पाडायला केंद्राचा हा कायदा आड येत नाही.

१०० मीटरच्या सरसकट नियमावर टीका खूप झाली. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, पण त्यात सवलत होती ती केंद्राच्या सार्वजनिक कामांना. घरमालकांना नव्हे! राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि गाडं तिथेच अडकलं. २०२३ साली संसदेच्या स्थायी समितीनेही स्मारकाचं महत्त्व बघून अंतर ठरवावं, असं सुचवलं.

या पट्ट्यात राहत असाल तर १६ जून १९९२ पूर्वीची घरटॅक्स पावती, वीजबिल, जुना नकाशा जपून ठेवा. घर किती जुनं हे दाखवायला तेच कामी येतात. प्लॉट घेणार असाल तर इसार देण्याआधी तटापासूनचं अंतर मोजून घ्या. अंतर मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून, गेटच्या कमानीपासून नाही.