पदवी की कसब?

दहावीचे निकाल लागले की सातारा-सांगलीकडील घराघरांत एकच वाद सुरू होतो. मुलाला महाविद्यालयाच्या वाटेने पाठवावयाचे की आयटीआयमध्ये घालावयाचे? पदवी म्हणजे प्रतिष्ठा आणि कसब म्हणजे नाइलाज, हे या वादात आधीच गृहीत धरलेले असते. या दोन जिल्ह्यांचा इतिहास मात्र तसे सांगत नाही.

औंध संस्थानातील ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. यंत्रचित्रणाचे पक्के ज्ञान होते. त्यांचेच नांगर खपविण्यासाठी काही काळ गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यास १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेथे 'कमवा आणि शिका' हेच सूत्र होते. भाऊरावांनी श्रमाला पदवीचा पर्याय मानले नाही. गरिबाच्या मुलाला पदवीपर्यंत नेणारे साधन मानले.

केवळ कसबावर संसार उभा राहतो, हेही खोटे नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातील तरुण नातलगांच्या हाताखाली सोने-चांदी गाळण्याचे काम शिकले आणि देशभर पसरले. परंतु अशा कसबाला कागदी दाखला नसतो. यंत्र वा पद्धत बदलली की ज्याला केवळ 'कसे' ठाऊक आहे आणि 'का' ठाऊक नाही, तो अडतो.

उलट, पदवी जितक्या अधिक लोकांपाशी असेल तितके नोकरीच्या बाजारातील तिचे मोल उतरते. शिवाय शुल्काचा हिशेब घरोघर होतो. त्या तीन वर्षांत बुडालेल्या कमाईचा कोणी करीत नाही. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या कुटुंबाला हा तोटा लहान नसतो.

म्हणून खरा प्रश्न एक वाट निवडल्यावर दुसरी बंद होते काय, हा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात. ही शिडी अस्तित्वात आहे. पण ती किती पालकांना ठाऊक आहे? ती दाखविणे हे शाळांचे काम होय. कला-वाणिज्य महाविद्यालयांनीही आपल्या विद्यार्थ्यांना एखादे हातचे काम शिकविण्याची सोय करावयास हवी. तसे झाले तर सोळाव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयावर साऱ्या आयुष्याचा जुगार खेळण्याची पाळी मुलांवर येणार नाही.