हुंडणावळ, बट्टा आणि कार्ड

वाचकहो, पेशवाईत कोणी चांदवडी रुपया घेऊन पुण्याच्या बाजारात आला, तर सराफ तो रुपया उलटसुलट करून पाही, वाजवून बघे, आणि त्याबदली अंकुशी रुपया देताना वर थोडा बट्टा कापून घेई. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवायचे म्हणजे मधल्या माणसाला काहीतरी द्यावे लागणार, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. फरक एवढाच, की सराफ आपला बट्टा तोंडावर सांगत असे. आज तो बट्टा खिशातल्या कार्डात लपून बसतो आणि महिन्याभराने बिलावर प्रकट होतो.

माझ्या थोरल्या बहिणीचीच हकीकत सांगतो. दाजी निवृत्त झाल्यावर दोघे सहा दिवस बँकॉकला जाऊन आली. ताई गेली चाळीस वर्षे रोज रात्री जमाखर्च लिहिते; कोथिंबिरीची जुडीसुद्धा तिच्या वहीतून सुटत नाही. पण परत आल्यावर कार्डाचे बिल आले आणि वहीचा मेळ काही केल्या बसेना. सव्वातीन हजारांहून अधिक रुपये कुठे गेले ते कळेना. दाजी म्हणाले, “तूच काहीतरी खरेदी केली असशील.” ताई म्हणाली, “अहो, मशीनमधून पैसे तुम्ही काढलेत, मी नाही!” दोन दिवस घरात अबोला. शेवटी वही आणि बिल घेऊन ती माझ्याकडे आली. “अरे, कुणी चोरले तर नाहीत ना?”

चोरले नव्हते. सगळे नियमात बसणारे होते, आणि खरे दुखणे तेच होते.

दाजींनी तिथल्या एटीएममधून क्रेडिट कार्डावर दहा हजार बाट काढले होते. सोयीसाठी एक बाट अडीच रुपयांना धरू, म्हणजे झाले २५,००० रुपये. आता पाहा. परकीय चलनातल्या व्यवहारावर आपल्याकडच्या पुष्कळ बँका साडेतीन टक्के आकार घेतात. ते झाले ८७५ रुपये. त्या आकारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १५७ रुपये ५० पैसे. क्रेडिट कार्डावर रोकड काढली म्हणून अडीच टक्क्यांचा वेगळा आकार, ६२५ रुपये. त्यावरही कर, ११२ रुपये ५० पैसे. परदेशी कार्ड दिसले की थायलंडमधले मशीन स्वतःचे म्हणून दर वेळी दोनशेहून अधिक बाट घेते; २२० बाट धरले तर ५५० रुपये. येथवर बेरीज २,३२० झाली. आणि व्याज? कार्डावर साडी घेतली तर बिलाच्या मुदतीपर्यंत व्याज नसते. पण रोकड काढली की ती उचल ठरते, आणि पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. महिन्याला साडेतीन टक्के म्हटले तर ८७५, आणि त्यावर पुन्हा कर. एकूण ३,३५२ रुपये ५० पैसे. शेकडा तेरांहून जास्त! गावच्या सावकारालाही थोडा संकोच वाटावा असा हा दर आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की क्रेडिट कार्ड परदेशातल्या एटीएममध्ये घालू नये. अगदीच अडचण आली तर खात्याचे डेबिट कार्ड वापरावे. त्यावरही साडेतीन टक्क्यांचा आकार आणि दर वेळचे शंभर-दीडशे रुपये बहुधा लागतातच, पण व्याज तरी नाही. आणि रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावे, कारण मशीनचा आकार रकमेवर नसतो, खेपेवर असतो.

ताईच्या बिलात आणखी एक गोम सापडली. एका दुकानात रेशमी कापड घेताना विक्रेत्या मुलीने यंत्र पुढे करून अदबीने विचारले, “रुपयांत देणार की बाटांत?” परमुलखात आपला रुपया दिसल्यावर कुणाला बरे वाटणार नाही? ताईने हौसेने रुपयांवर बोट ठेवले. वाचकहो, ते बोट महाग पडते बरं का. तुम्ही बाट म्हणालात तर बाटांचे रुपये करण्याचे काम कार्डाच्या जाळ्याच्या, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या दराने होते आणि तो दर बहुधा बाजारभावाच्या जवळचा असतो. तुम्ही रुपये म्हणालात तर तेच काम दुकानाच्या यंत्रामागचा व्यापारी करतो, आणि हुंडणावळीचा दर तो आपल्या सोयीने लावतो. शिवाय आकडा रुपयांत असला तरी दुकान परदेशातले, म्हणून इथल्या काही बँका आपला आकार घेतात तो घेतातच. ज्या देशात असाल त्या देशाचे चलन निवडावे. एटीएम हाच प्रश्न विचारते, तेथेही उत्तर तेच.

मग पैसे न्यायचे कसे? थोडी रोकड इथूनच घ्यावी हे माझे मत. मान्यताप्राप्त चलनविक्रेत्याच्या पेढीवर जावे, पारपत्र, तिकीट आणि पॅन कार्ड बरोबर ठेवावे. पैसे बँकेच्या खात्यातून द्यावेत. रोखीने ५०,००० रुपयांपर्यंतच देता येतात. क्रेडिट कार्ड इथेही नको, कारण काही बँका त्या व्यवहारालाही रोख उचल समजतात. परकीय नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरांच्या मोलापर्यंत मिळतात. सहा दिवसांच्या सहलीला त्या पुरून उरतात.

पेढीवर ‘दलाली नाही’ अशी पाटी असते. हुरळून जाऊ नये. दलाली दरात असते. म्हणून दर किती हे विचारू नका. “मी पंचवीस हजार रुपये दिले तर कर वगैरे जाता हातात किती बाट पडतील?” एवढेच विचारा आणि तीन ठिकाणी विचारा. समजा २.५० चा बाट पेढीने २.५८ ला दिला. दहा हजार बाटांना ८०० रुपये जास्त गेले आणि कर पन्नासाच्या आत. दाजींचे साडेतीन हजारांच्या घरात गेले होते, ते साडेआठशेच्या आत भागले असते. विमानतळावरची खिडकी मात्र टाळावी. तिथे गिऱ्हाईक अडलेले असते, हे खिडकीतल्या माणसाला पक्के ठाऊक असते.

रक्कम मोठी असेल तर प्रवासी चलनकार्ड बरे. इथेच पैसे भरून ठेवायचे, त्या दिवसाचा दर कायम होतो. पण त्यात डॉलर भरून बाट खर्च केलेत, तर पुन्हा तीन-साडेतीन टक्के बसण्याचा संभव असतो. तेव्हा ज्या चलनात खर्चायचे तेच भरावे, आणि ते मिळत नसेल तर दुसरा विचार करावा. ‘आकार शून्य’ अशी क्रेडिट कार्डेही हल्ली निघाली आहेत. दुकानात आणि उपाहारगृहात ती खरोखर उपयोगी पडतात, मात्र वार्षिक वर्गणी किती ते आधी पाहावे.

उरलेल्या नोटांचे काय, असे ताईने शेवटी विचारले. परत विकताना पेढी कमी दराने घेते, म्हणजे बट्टा दुसऱ्यांदा. २,००० डॉलरांच्या मोलापर्यंत नोटा घरी ठेवायला कायद्याची हरकत नाही. पुन्हा जायचा बेत असेल तर ठेवाव्यात, त्याहून जास्त असेल ते परतल्यापासून १८० दिवसांत परत करावे लागते. नाणी मात्र इथे सहसा कोणी घेत नाही. ती निघताना तिथल्याच विमानतळावर कॉफीवर खर्चून टाकावीत. ताईने ती आणली आहेत, आणि वहीत शेवटच्या ओळीला ‘बाट ३७, डब्यात’ अशी नोंद आहे.