पुकाऱ्याच्या अंतरावर

शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीत जमिनीच्या वाटणीवरून भाऊ भांडले, तर पहिली तारीख पडते पंचगंगेपलीकडे, कुरुंदवाडच्या कोर्टात. निकाल पटला नाही की अपील कोल्हापूरला, जिल्हा न्यायालयात. तिथेही मन भरले नाही, तर दुसरे अपील उच्च न्यायालयात, म्हणजे परवापरवापर्यंत मुंबईला. महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र, पहाटेची मुंबई, वकिलांची फी, कुणा नातेवाइकाकडे मुक्काम. आणि दुपारी कळायचे की आज आपला नंबर लागणार नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून हा प्रवास पन्नासेक किलोमीटरवर आला. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. संपादकांनी मला पाठवले ते हे बेंच बसते त्या इमारतीचा इतिहास लिहायला.

मुंबईच्या इमारतीचा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. उच्च न्यायालय स्थापन झाले 1862 मध्ये. कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार आजच्या इमारतीचे काम 1871 मध्ये सुरू झाले आणि 1878 मध्ये पुरे झाले. काळा दगड, टोकदार गॉथिक कमानी, माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती. पक्षकाराने मान वर करून पाहावे आणि आपण किती लहान आहोत हे समजावे, अशीच तिची घडण आहे.

कोल्हापूरची जुनी कोर्ट इमारत भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोर आहे. जवळच मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला टाऊन हॉल. संस्थानी कोल्हापूरने दवाखाना, सभागृह आणि कोर्ट हाकेच्या अंतरात बसवले, हे मला फार शहाणपणाचे वाटते. राजाराम महाराजांच्या राजवटीत कोल्हापूर संस्थानाचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि कोल्हापूरकरांसाठी उच्च न्यायालय मुंबईला गेले. जिल्हा न्यायालय पुढे कसबा बावड्याच्या न्याय संकुलात हलले. जुनी वास्तू मागे राहिली आणि तिच्यातच आता उच्च न्यायालय बसते.

माझे मन मात्र कमानींपेक्षा पुकाऱ्यात अडकले. तालुक्याच्या कोर्टात शिपाई बोर्ड हातात घेऊन दाराशी येतो आणि वादी-प्रतिवादींची नावे खणखणीत आवाजात उच्चारतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. जुन्या कोर्टांचे उंच छत आणि लांब व्हरांडा या आवाजासाठीच असावेत असे वाटते. खोलीत निघालेली हाक अंगणातल्या झाडाखाली, चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते. तिथे बसलेली म्हातारी कापडी पिशवी सावरत उठते, वकिलांचा कारकून धावत सुटतो. ओ दिली नाही तर परिणाम साधा नसतो. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला जातो, प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी चालतो. दावा पुन्हा बोर्डावर आणायचा तर तीस दिवसांत अर्ज करून सबळ कारण दाखवावे लागते. पिढ्यान्‌पिढ्यांची शेती एका माणसाच्या आवाजावर अवलंबून असते. चांगला शिपाई हे जाणतो. खेड्यातला माणूस आपले नाव पूर्ण ऐकल्याशिवाय उठत नाही, म्हणून तो आडनाव गिळत नाही.

उच्च न्यायालयात ही हाक नसते. प्रकरण नंबराने पुकारले जाते, वकील उभे राहतात, पक्षकार हजर असलाच पाहिजे असेही नाही. ज्या वास्तूने इतकी वर्षे माणसांची नावे ऐकली, तिथे आता आकडे चालतात. कामाचा उरक म्हणून ते बरोबर आहे. तरी आपले प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत चालावे म्हणून सहा जिल्ह्यांतून लोक येणारच: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. त्यांनी बसायचे कुठे?

इथून पुढे मला काळजी वाटते. चार दशकांहून अधिक काळ वकिलांनी या बेंचसाठी आंदोलने केली. अधिसूचना निघाली 1 ऑगस्टला आणि 17 ऑगस्टला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले. एवढ्या थोड्या दिवसांत वास्तू सज्ज करणाऱ्या कामगारांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण सीपीआरचा रस्ता मुळात रुग्णवाहिका आणि नातेवाइकांनी भरलेला. कोल्हापुरातल्याच शेंडा पार्कात बेंचचे नवे संकुल होईल तेव्हा होईल; तोवर गर्दी इथेच.

दुसरी अडचण कायद्याची. हे बेंच राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51(3) खालचे आहे. औरंगाबादला 1981 मध्ये याच कलमाने सुरुवात झाली आणि 1984 मध्ये ते खंडपीठ कायम झाले. कोल्हापूरला तो पल्ला अजून गाठायचा आहे, आणि त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो.

तिसरी अडचण वाडीकरांना सांगावी लागत नाही. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा चढतात, नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि पाणी तसेच चढत राहिले की रस्ते बंद होतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता. मुंबई लांब होती. कोल्हापूर जवळ असूनही त्या दिवसांत गाठता येत नाही. म्हणून शिरोळ तालुक्याच्या प्रकरणांना पुराच्या आठवड्यांत तारीख देऊ नये, निदान कुरुंदवाड आणि जयसिंगपूरच्या कोर्टांतून पडद्यावर सुनावणी पाहता यावी, अशी सोय आताच व्हायला हवी. शेंडा पार्कच्या नकाशात न्यायाधीशांची दालने असतीलच. पक्षकारांसाठी पंखा, पाणी, बाके आणि रुंद व्हरांडा त्यात कुठे आहे, हे वकील संघटनांनी पाया खणण्याआधी विचारावे.