ओझे कोणी वाहायचे? : निसर्गचित्रण आणि कॅमेऱ्याचा आकार

१८६३ साली सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार सिमल्याहून हिमालयाच्या आतल्या भागात निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. त्यांच्या पाठीवर काचा होत्या, रसायनांच्या बाटल्या होत्या, कॅमेरे होते आणि अंधारखोलीचे काम देणारा एक तंबू होता. पुढे १८६६ साली बोर्न मणिरंग खिंडीपर्यंत पोचला. ही खिंड १८,००० फुटांहून उंच आहे. तिथेही त्याने छायाचित्रे घेतली. त्या छायाचित्रांखाली बोर्नचे नाव येते, हमालांचे येत नाही.

‘निसर्गचित्रणासाठी कोणता कॅमेरा घ्यावा?’ हा प्रश्न आजकाल मेगापिक्सेलपासून सुरू होतो. मला वाटते, तो या हमालांपासून सुरू करावा. मी छायाचित्रणाचे शिक्षण कोणत्याही संस्थेत घेतलेले नाही. सह्याद्रीत हिंडताना, जुनी पुस्तके चाळताना आणि लेन्सवर छापलेल्या आकड्यांचा अर्थ कागद-पेन्सिल घेऊन लावताना जे उमगले, तेच इथे मांडतो आहे. माझ्या मते कॅमेऱ्याचा आकार, म्हणजे ज्याला आपण फॉरमॅट म्हणतो तो, तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो. चित्र शेवटी केवढे होणार? ओझे कोण वाहणार? आणि समोरचे दृश्य किती वेळ थांबणार?

चित्र केवढे होणार?

आरंभीच्या काळात या प्रश्नाला पळवाट नव्हती. निगेटिव्ह कागदावर दाबून ठेवायची, उन्हात धरायची आणि छाप घ्यायचा, अशी रीत होती. छाप निगेटिव्हएवढाच निघे. मोठे चित्र हवे तर काच मोठी आणि काच मोठी तर कॅमेराही मोठा. कार्लटन वॉटकिन्स १८६१ साली कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या खोऱ्यात गेला तो १८ बाय २२ इंचांच्या काचा घेऊन. त्याच फेरीत त्याच्याजवळ दुसराही एक कॅमेरा होता, जोडचित्रे घेणारा, स्टिरिओ. ती चित्रे हातातल्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहायची असत, म्हणून ती लहानच लागत. एकच खोरे, एकच माणूस, पण भिंतीवरच्या चित्रासाठी एक आकार आणि हातात धरून पाहायच्या चित्रासाठी दुसरा. १८६४ साली योसेमिटीचे खोरे राखून ठेवण्याचा कायदा झाला. त्यामागे अनेकांचे प्रयत्न होते. पण ज्यांनी ते खोरे कधी पाहिले नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोचवण्यात वॉटकिन्सच्या चित्रांचाही वाटा मानला जातो.

आपल्याकडेही हे दिसते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा तिच्याशी संबंध होता आणि त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः छायाचित्रकार होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षे घालवणाऱ्या रॉबर्ट गिल याने त्या लेण्यांची छायाचित्रे घेतली ती स्टिरिओ कॅमेऱ्याने. १८६४ साली ती पुस्तकरूपाने आली. पुस्तकाच्या पानावर लहान छाप चिकटवायचा, तर मोठ्या काचेची गरज काय?

ओझे आणि घाई

लिनियस ट्राइप हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८५५ साली तो ब्रह्मदेशात गेलेल्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर होता. ओल्या कलोडियनच्या काचेची पद्धत तोवर माहीत झालेली होती आणि काचेवर बारीक तपशील कागदापेक्षा स्वच्छ येत असे. तरी ट्राइपने कागदी निगेटिव्ह वापरल्या. कागद हलका असतो, फुटत नाही. काचेचे तसे नव्हते. ती जागेवरच लेपायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी, म्हणजे दहाएक मिनिटांत, तंबूत नेऊन धुवायची. म्हणून बोर्नला तंबू लागला आणि तंबूसाठी माणसे लागली.

ट्राइपला याची किंमत मोजावी लागली. कागदाच्या धाग्यांमुळे बारकावे मऊ पडत. शिवाय तेव्हाच्या लेपाला निळा रंग फार लवकर जाणवे, त्यामुळे आकाश पांढरेफटक येई. ट्राइपने काही निगेटिव्हवर ढग हाताने रंगवले. बोर्नने तपशील निवडला आणि ओझे दुसऱ्यांच्या पाठीवर दिले. ट्राइपने ओझे कमी केले आणि तपशील सोडला. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी या देवघेवीतून कोणत्याही कॅमेऱ्याची सुटका झालेली नाही.

दृश्य किती वेळ थांबणार?

एन्लार्जर आला आणि पहिल्या प्रश्नाला प्रथमच पळवाट मिळाली. लहान निगेटिव्हवरून मोठे चित्र काढता येऊ लागले. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर तो २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेई. आज आपण ज्याला फुल-फ्रेम म्हणतो तो सेन्सर याच मापाचा. तरीही मोठ्या कॅमेऱ्यांना निष्ठा वाहिलेले लोक होते. १९३२ साली कॅलिफोर्नियातील काही छायाचित्रकारांनी आपल्या गटाचे नावच ‘एफ/६४’ ठेवले. त्यांत ॲन्सेल ॲडम्स होता.

ॲडम्सचे सर्वांत गाजलेले चित्र १ नोव्हेंबर १९४१ चे, न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाचे. वर चंद्र, खाली दफनभूमीतले क्रूस, त्यांवर मावळतीचा शेवटचा उजेड. ८ बाय १० इंचांचा कॅमेरा घाईघाईने उभा केला, पण प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा ॲडम्सला ठाऊक होता. त्यावरून त्याने हिशेब केला आणि एफ/३२ वर एक सेकंद उजेड दिला. दुसऱ्या निगेटिव्हची तयारी करेपर्यंत क्रूसांवरचा उजेड गेला. एकच निगेटिव्ह हाती लागली.

याच्या उलट उदाहरण गॅलन रोवेलचे. १९८१ साली ल्हासात त्याला इंद्रधनुष्य दिसले, पण ते पोताला राजवाड्यावर नव्हते. इंद्रधनुष्य पाहणाऱ्याबरोबर सरकते हे त्याला माहीत होते. धावत जाऊन त्याने ते राजवाड्याच्या माथ्यावर आणले आणि ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपले. मोठा कॅमेरा घेऊन हे धावणे शक्य नव्हते. आपल्याकडे कोकणकड्यावर पावसाळ्यात दिसणारे इंद्रवज्रही असेच, ढगाचा पडदा सरकला की नाहीसे होणारे.

भोकाचा हिशेब

आता थोडे गणित. ते सोपे आहे आणि दुकानात सहसा सांगितले जात नाही.

एफ-आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला तिच्या भोकाच्या व्यासाने भागून येणारी संख्या. समजा, कासच्या पठारावर पायाजवळचे फूल आणि क्षितिजावरचे डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत. लहान एपीएस-सी सेन्सरवर १६ मिलिमीटरची लेन्स एफ/८ ला ठेवली, तर भोक २ मिलिमीटरचे झाले. तेवढेच दृश्य फुल-फ्रेमवर घ्यायला २४ मिलिमीटरची लेन्स लागते. स्पष्टतेची खोली तेवढीच हवी, तर भोकही २ मिलिमीटरचेच ठेवावे लागते. म्हणजे एफ/१२. आता ८ बाय १० चा कॅमेरा घ्या. त्याला सुमारे १७५ मिलिमीटरची लेन्स लागेल आणि २ मिलिमीटरचे भोक म्हणजे एफ/८७. त्या गटाने एफ/६४ हा आकडा का मिरवला, ते इथे कळते.

भोक तेच, म्हणून तेवढ्याच वेळात आत येणारा उजेडही तेवढाच. फक्त तो मोठ्या फिल्मवर पसरून पातळ होतो. एफ/८ वरून एफ/८७ वर गेलो, तर तेवढ्याच संवेदनशीलतेच्या फिल्मला शंभराहून अधिक पट वेळ द्यावा लागतो. लहान कॅमेऱ्यावर शंभरांश सेकंदात जे होते, त्याला इथे सेकंदाहून जास्त वेळ लागतो. त्या सेकंदात कासवरचा वारा फुलाला कुठल्या कुठे नेतो.

अर्थ असा : दूरपर्यंत स्पष्ट हवे असेल आणि शटरचा वेळ वाढवता येत नसेल, तर मोठ्या सेन्सरचा फायदा जवळजवळ उरत नाही. तो कमी आयएसओवर, ट्रायपॉडवर, जास्त वेळ उजेड देता आला तरच हाती लागतो. मोठ्या फॉरमॅटचे पैसे मोजणारा माणूस खरे तर सवड विकत घेत असतो, आणि ती सवड समोरच्या दृश्याने द्यावी लागते. कडा देतो, मंदिर देते, भंडारदऱ्याचे निवांत पाणी देते. फूल, धुके आणि गवत देत नाहीत.

मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांची एक खुबी मात्र सांगायला हवी. त्यांची लेन्स पुढे झुकवता येते. फिल्मचे प्रतल, लेन्सचे प्रतल आणि स्पष्ट हवे असलेले प्रतल एका रेषेत मिळाली, की भोक फार बारीक न करताही पायाजवळच्या जमिनीपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. सपाट पठारासाठी हे वरदानच. पण त्या प्रतलातून वर उठणारे झाड मात्र शेंड्याकडे मऊ होत जाते. लहान कॅमेऱ्यांसाठी अशा झुकणाऱ्या लेन्सेस मिळतात, महाग असतात. एरवी वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली चार-पाच चित्रे संगणकावर जोडता येतात, वारा पडलेला असेल तर.

मग घ्यावे काय?

पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा रूढ हिशेब. दिवाळी अंकाचे पान ७ बाय ९.५ इंचांचे धरले, तर पूर्ण पानाच्या चित्राला सुमारे ६० लाख पिक्सेल लागतात. चांगल्या मोबाइलमध्येही याहून जास्त असतात. १३ बाय १९ इंचांचा छाप काढायचा तर २ कोटी २२ लाख, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. चार फुटी चित्र भिंतीवर लावले, तर माणूस ते पाच-सहा फुटांवरून पाहतो आणि तिथून इंचाला १०० पिक्सेलही भरपूर होतात. म्हणजे दीड कोटी. याहून जास्त पिक्सेल हवेत ते नाक लावून पाहणाऱ्यासाठी किंवा चित्राचा मोठा भाग कापून टाकणाऱ्यासाठी.

म्हणून माझा सल्ला उलट्या क्रमाने जातो. आधी वर्षभरातली आपली दहा आवडती चित्रे हव्या त्या आकारात कागदावर छापून घ्यावीत. त्यांत काय उणे आहे ते पाहावे. बारकावा उणा असेल, तर आधी ट्रायपॉड घ्यावा. सावल्या काळ्याठिक्कर पडत असतील आणि दृश्य थांबणारे असेल, तर मोठा सेन्सर विचारात घ्यावा. चित्रे घाईची वाटत असतील, तर जुना १२० रोलचा कॅमेरा वापरून पाहावा. ६ बाय ७ सेंटिमीटरच्या चौकटीची एका रोलवर दहाच चित्रे मिळतात आणि प्रत्येक चित्राआधी माणूस थांबतो. मात्र फिल्मचा खर्च मोजावा आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते हेही लक्षात ठेवावे. आणि जिथे पोचायला हवे तिथे वेळेवर पोचताच येत नसेल, तर कॅमेरा लहान करावा.

मी स्वतः एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, दोन लेन्सेस आणि मजबूत ट्रायपॉड वापरतो. पन्नाशी ओलांडल्यावर अजून किती पावसाळे गड चढता येतील, हा हिशेब मनात येतोच. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढून सूर्यास्ताआधी कोकणकड्यावर पोचायचे, तर पाठीवरचे प्रत्येक किलो वेळ खाते आणि गुडघ्यांवर पडते. ॲडम्सने योसेमिटीतल्या हाफ डोमवरचा चंद्र १९६० साली टिपला, तोही ८ बाय १० च्या कॅमेऱ्याने नव्हे, तर हातात मावणाऱ्या हॅसलब्लाडने. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता.

बोर्नच्या काचांतला तपशील आजही थक्क करतो आणि तो पाहताना ते तीस जण आठवतात. आता सामान वाहणारा आणि चित्र घेणारा बहुतेक वेळा एकच असतो. त्यामुळे कोणता कॅमेरा घ्यावा हे दुकानात ठरवू नये. तेवढ्या वजनाची पिशवी पाठीवर घेऊन एक गड चढून यावे आणि मग ठरवावे.